गोडीचं वजन

माइंत्समध्ये कुणाच्या घरी जेवायला जाताना फुलं नेली तरी चालतात, पण बाटली नेलेली जास्त चालते. ज्या ऱ्हाइनलँड-फाल्त्स राज्याची ही राजधानी, त्या एकट्या राज्यात जर्मनीच्या तेरा वाइन प्रदेशांपैकी सहा येतात. शनिवारच्या बाजारात इथले लोक सकाळीच भाजीची पिशवी पायाशी ठेवून, हातात वाइनचा ग्लास घेऊन गप्पा मारत उभे असतात. तेव्हा सहा मित्रांनी जेवायला जमायचं आणि प्रत्येकाने आपल्या आवडीच्या भागातली एक बाटली आणायची, हा बेत इथे कुणालाच नवा वाटत नाही.

असं जेवण शिस्तीत करायचं तर हिशेब सोपा आहे. बाटली ७५० मिलिलिटरची. चव घेण्यापुरते ६० मिलिलिटर ओतले, की एका बाटलीत बारा वाढण्या होतात. सहा जणांना दोन-दोन. टेबलावर पाव, साधं पाणी आणि ज्याला घोट गिळायचा नसेल त्याच्यासाठी एक रिकामा तांब्या. उरलेल्या बाटल्यांना बूच लावून त्या फ्रीजमध्ये जातात. ग्लास दांडीला धरायचा, म्हणजे हाताच्या उबेने वाइन तापत नाही. ‘प्रोस्ट’ हा शब्द बिअरच्या टेबलावरचा. वाइनच्या ग्लासाला ‘त्सुम वोल’ म्हणतात आणि म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघतात. नजर चुकवणं उद्धटपणाचं समजलं जातं.

टेबलावर परदेशी पाहुणा असेल, तर पहिली बाटली उघडायच्या आधीच त्याचा प्रश्न येतो: ‘ही गोड आहे का?’

प्रश्न साधा, पण जर्मन लेबल त्याचं सरळ उत्तर देत नाही. त्या लांबलचक शब्दांत गोडीबद्दल बरंच काही लिहिलेलं असतं. ती गोडी मात्र बहुतेक वेळा ग्लासातली नसते, वेलीवरची असते.

सुरुवात होते ती झेक्टने, म्हणजे बुडबुड्यांच्या वाइनने. सोबत श्पुंडेकेस: मऊ ताजं चीज, त्यात पाप्रिका आणि कांदा, बुडवून खायला खारे ब्रेत्सेल. हा माइंत्सच्या आसपासचाच पदार्थ. झेक्ट या शब्दाची गोष्ट बर्लिनची सांगतात. नट लुडविग डेव्हरिएंट शेक्सपियरच्या फॉल्स्टाफची भूमिका करायचा. १८२५च्या सुमारास एका रात्री तो नाटकाच्या तंद्रीतच मद्यगृहात शिरला आणि फॉल्स्टाफच्या थाटात ओरडला, ‘सॅक आण!’ सॅक ही शेरीसारखी स्पॅनिश वाइन. वाढप्याने मात्र त्याची नेहमीची शँपेन आणून ठेवली, आणि सॅकचं जर्मन रूप ‘झेक्ट’ फेसाळ वाइनला कायमचं चिकटलं.

झेक्टवरचा करही असाच चिकटला आहे. सम्राट दुसऱ्या विल्हेल्मच्या नौदलासाठी पैसे हवे होते, म्हणून १९०२ साली हा कर बसला. नौदलाच्या जहाजांना त्यांच्याच खलाशांनी १९१९ मध्ये स्कॉटलंडजवळ जलसमाधी दिली. कर १९३३ मध्ये उठला, १९३९ मध्ये परत आला आणि आजही ७५० मिलिलिटरच्या प्रत्येक बाटलीमागे १ युरो २ सेंट वसूल होतात.

लेबलाचा पहिला सापळा इथेच आहे. ‘ट्रोकन’ म्हणजे कोरडी, अर्थात गोड नसलेली. साध्या वाइनवर हा शब्द असेल, तर लिटरमागे फार तर नऊ ग्रॅम साखर उरलेली असते, तीही पुरेशी आंबटाई असेल तरच. झेक्टच्या बाटलीवर मात्र ‘ट्रोकन’ म्हणजे सतरा ते बत्तीस ग्रॅम! खरोखर कोरडी झेक्ट हवी, तर ‘ब्रुट’ हा फ्रेंच शब्द शोधावा लागतो. बुडबुडे आणि गारवा दोन्ही जिभेला गोडी कमी भासवतात, म्हणून बत्तीस ग्रॅमही कित्येकांच्या लक्षात येत नाहीत.

दुसरी बाटली बघताक्षणी ओळखू येते. बुटकी, पोट चपटं, प्रवाशाच्या चामडी पाणपिशवीसारखी. हिचं नाव बॉक्सबॉयटेल आणि ही आली ती फ्रांकेनमधून, माइन नदीच्या काठावरून. आत बहुधा सिल्वानर असते. या जातीची रोपं १६५९ साली कास्टेल गावात लावल्याची नोंद आहे. सिल्वानर मोठ्याने बोलणारी वाइन नव्हे. हिरव्या सफरचंदाचा हलका वास, मातीचा थोडा अंश, बेताची आंबटाई. म्हणूनच ती पांढऱ्या शतावरीच्या कोंबांबरोबर इतकी जुळते. वसंतात साऱ्या जर्मनीला या कोंबांचं वेड लागतं आणि २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, मोसम संपतो. शरद ऋतूत हीच बाटली कांद्याच्या केकबरोबर येते. त्स्विबेलकूखेन नावाचा हा केक गोड नसतो: पिठाच्या पोळीवर परतलेला कांदा, साय आणि अंडं, वर जिरं किंवा शहाजिरं.

फ्रांकेनमधल्या व्युर्त्सबुर्ग शहरात ‘श्टाइन’ नावाची टेकडी आहे. १५४० साली युरोपात भीषण दुष्काळ पडला, नद्या आटल्या, द्राक्षं मात्र विलक्षण पिकली. त्या वर्षीच्या श्टाइनच्या वाइनची एक बाटली १९६१ मध्ये लंडनमध्ये उघडली गेली. ती चाखणाऱ्यांत वाइनवरचे लेखक ह्यू जॉन्सन होते. ४२१ वर्षांची ती वाइन हवा लागताच काही मिनिटांत मावळली, पण तेवढी मिनिटं ती जिवंत होती, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. एवढं आयुष्य लाभायला वाइनमध्ये साखर किंवा आंबटाई, खरं तर दोन्ही लागतात.

तिसरी बाटली लांब मानेची. प्रथा अशी, की ऱ्हाइनकाठची बाटली तपकिरी आणि मोझेलकाठची हिरवी. दोन्हींत राज्य एकाच द्राक्षाचं: रिझलिंग. माइंत्सच्या जवळच असलेल्या र्‍युसेल्सहाइममध्ये १३ मार्च १४३५ रोजी काट्सेनएल्नबोगनच्या काउंटच्या कारभाऱ्याने खर्चाची एक नोंद केली: रिझलिंगची रोपं, बावीस शिलिंग. या द्राक्षाचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा. एका कारकुनाच्या जमाखर्चामुळे द्राक्षाला जन्मतारीख मिळाली! आज जर्मनीतल्या द्राक्षबागांचा साधारण चौथा हिस्सा रिझलिंगखाली आहे.

रिझलिंग उशिरा पिकते. मोझेलच्या खोऱ्यात ती ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत वेलीवर असते. रात्री गार असतात, मण्यात साखर हळूहळू चढते आणि आंबटाई टिकून राहते. नाशिकच्या बागायतदाराला हे गणित उलट्या बाजूने माहीत आहे. तिथे पावसाळा सरताना छाटणी होते, जानेवारी ते मार्चमध्ये वाइनच्या द्राक्षांची काढणी चालते आणि ऊन वाढलं की आंबटाई झपाट्याने उतरते. सुला या वाइन कंपनीने नाशिकची रिझलिंग बाजारात आणली आहे. ती आणि मोझेलची शेजारी ठेवून चाखली, तर फळाचा वास ओळखीचा वाटतो. फरक जाणवतो तो आंबटाईत.

मोझेलकाठी द्राक्षं पिकवणं म्हणजे चढावर संसार करणं. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट हा युरोपातला सर्वांत उभ्या चढाचा द्राक्षमळा मानतात. काही ठिकाणी उतार ६५ अंशांहून जास्त आहे. तिथे ट्रॅक्टर चालत नाही. एका रुळावर दात्यांनी चढणारी छोटी गाडी माणसं आणि घड वाहते, बाकी सगळं हातांनी. एवढा अट्टहास कशासाठी? पन्नासाव्या अक्षांशाच्या आसपास सूर्य तिरका असतो. दक्षिणेकडे तोंड केलेला उभा उतार ते तिरकं ऊन छातीवर घेतो, खालची नदी ते परतवते आणि काळी-निळी पाटीच्या दगडाची जमीन दिवसभर तापून रात्री ऊब सोडते. वेलेन गावाच्या वरच्या उतारावर योडोकुस प्र्युमने १८४२ साली दगडात सूर्यघड्याळ कोरून घेतलं. मळ्यात राबणाऱ्यांना जेवणाची वेळ कळावी, हा त्याचा हेतू. आता त्या अख्ख्या मळ्याचं नावच ‘झोनेनउअर’, म्हणजे सूर्यघड्याळ.

टेबलावरची पहिली रिझलिंग ‘ट्रोकन’ असते, साडेबारा टक्के अल्कोहोलची, पोपटी झाक असलेली. तिचा घोट घेतल्यावर नव्या माणसाचे डोळे मिटतात. लिंबाची आंबटाई आहे, पीच फळाचा वास आहे, गोडी नावाला नाही. बाटली दहा-बारा वर्षं जुनी असेल, तर आणखी एक वास येतो: रॉकेलचा. वाइन बिघडलेली नसते. द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचं बाटलीत हळूहळू विघटन होतं आणि टीडीएन नावाचं संयुग तयार होतं, त्याचा हा वास. मण्यांवर ऊन जास्त पडलेलं असेल तर तो वाढतो. कुणी नाक मुरडतं, तर कुणी नेमक्या याच वासासाठी बाटली दहा वर्षं तळघरात ठेवतं.

मग चौथी बाटली येते आणि पाहुणा बुचकळ्यात पडतो. तिच्यावर ‘श्पेटलेझ’ असं लिहिलं आहे, शेजारी ‘ट्रोकन’ असंही. गोड की कोरडी?

श्पेटलेझचा शब्दशः अर्थ उशिराची तोडणी. त्यामागे ऱ्हाइनगाउ प्रदेशातल्या योहानिसबेर्ग मठाची कथा आहे. मठाच्या द्राक्षबागा फुल्डाच्या राजबिशपच्या मालकीच्या, तेव्हा तोडणीला परवानगी त्याच्याकडून यायची. १७७५ साली परवाना आणणाऱ्या घोडेस्वाराला उशीर झाला. तोवर घडांवर राखाडी बुरशी चढली, मणी सुरकुतले. भिक्षूंनी नाइलाजाने तीच द्राक्षं पिळली आणि वसंतात पिंपातून जे निघालं, ते त्यांनी आजवर चाखलेल्या वाइनहून सरस होतं. ही बुरशी मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि रस आटवल्यासारखा घट्ट होतो. योहानिसबेर्गच्या आवारात त्या उशिरा आलेल्या घोडेस्वाराचा पुतळा आहे. वेळेवर न पोचल्याबद्दल उभारलेले पुतळे जगात फार नसावेत.

पण उशीर मोजायचा कसा? हे काम फोर्झहाइमच्या फर्डिनांड ओक्सले या कारागिराच्या तरंगकाट्याने सोपं केलं. एक लिटर द्राक्षरस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश ओक्सले. रस जड असतो तो मुख्यतः साखरेमुळे. म्हणजे हे अक्षरशः गोडीचं वजन. नाशिकचा शेतकरी रिफ्रॅक्टोमीटरला डोळा लावून ब्रिक्स बघतो, तीच ही गोष्ट. ७० अंश ओक्सले म्हणजे साधारण १७ ब्रिक्स.

१९७१च्या वाइन कायद्याने हे वजन लेबलावर चढवलं. पायऱ्या चढत जातात: काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ, बेरेनआउसलेझ, ट्रोकनबेरेनआउसलेझ. मोझेलच्या रिझलिंगला काबिनेट म्हणवून घ्यायला सत्तरच्या आसपास अंश लागतात. सर्वांत वरच्या पायरीला दीडशे. पण हे सगळं मोजमाप तोडणीच्या दिवसाचं. नंतर पिंपात यीस्टने सगळी साखर खाऊन तिचं अल्कोहोल केलं, तर श्पेटलेझही ठणठणीत कोरडी होते. मध्येच थांबवलं, तर गोडी उरते. एकच शब्द, दोन वाइन.

मग ओळखायचं कसं? जाणकार लेबलावरच्या मोठ्या अक्षरांकडे बघतच नाहीत. ते कोपऱ्यातला अल्कोहोलचा आकडा शोधतात. साखर आणि अल्कोहोल एकाच भांडवलातून येतात. आकडा सात-आठ-नऊ टक्के असेल, तर साखर खर्च झालेली नाही, वाइन गोड. बारा-तेरा असेल, तर सगळी खर्ची पडली, वाइन कोरडी.

या नियमाची परीक्षा पाचव्या बाटलीवर होते. मोझेलची काबिनेट, अल्कोहोल आठ टक्के. लिटरमागे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर सहज असेल. ऐकून वाटावं सरबतच. घोट घेतला, की सुरुवात गोड होते आणि शेवट आंबट, आणि तोंडाला पाणी सुटतं. ज्यांच्या घरी आमटीत चिंचेबरोबर गूळ पडतो, त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. गूळ आमटी गोड करायला घालत नाहीत, चिंचेची धार बोथट करायला घालतात. मोझेलच्या तळघरांत पूर्वी थंडी पडली की यीस्ट आपोआप झोपी जायचं आणि साखर उरायची. आता टाकी थंड करून आणि वाइन बारीक गाळून तोच क्षण हवा तेव्हा पकडता येतो.

ही बाटली तिखटाबरोबर काढतात. थाय करी असो की भारतीय मसाल्याचं चिकन, जास्त अल्कोहोलच्या वाइनने मिरचीची आग भडकते. आठ टक्के आणि जराशी गोडी तिला शांत करते. यजमानीण हुशार असेल, तर धुरावलेल्या ट्राउट माशाबरोबरही ती काबिनेटच ठेवते. मीठ, धूर आणि आंबटगोड यांचं चांगलं जमतं.

जर्मन वाइन म्हणजे गोड पाणी, हा समज मग आला कुठून? एके काळी चित्र अगदी उलटं होतं. होखहाइम गावावरून इंग्रजांनी ऱ्हाइनच्या सगळ्या वाइनला ‘हॉक’ म्हणायला सुरुवात केली. १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरिया त्या गावच्या मळ्यात येऊन गेली आणि एका मळ्याला तिचं नाव मिळालं. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या व्यापाऱ्यांच्या यादीत ऱ्हाइनच्या उत्तम वाइन बोर्दोच्या नामवंतांच्या बरोबरीने, कधी त्यांच्याही वर असायच्या. घसरण दुसऱ्या महायुद्धानंतरची. बारीक गाळणीचं तंत्र आलं आणि न आंबवलेला द्राक्षरस मिसळून कोणतीही पातळ वाइन स्वस्तात गोड करता येऊ लागली. वर्म्सच्या चर्चभोवतीच्या छोट्या मळ्याचं ‘लीबफ्राउमिल्श’ हे नाव लाखो बाटल्यांवर गेलं. निळ्या पोशाखातल्या जोगिणीचं चित्र असलेली ‘ब्लू नन’ ब्रिटन-अमेरिकेत घरोघरी पोचली.

कायद्यानेही गोंधळ वाढवला. मोझेलच्या पीस्पोर्ट गावात ‘गोल्डट्र्योप्फशेन’ हा नावाजलेला एकच मळा आहे. ‘मिशेल्सबेर्ग’ हे मात्र आसपासच्या कित्येक गावांच्या बागांना एकत्र दिलेलं नाव. लेबलावर दोन्ही नावं सारखीच दिसायची, ‘पीस्पोर्टर’ अमुक. परदेशी गिऱ्हाईक फसलं नाही तरच नवल. खुद्द जर्मनांनी १९८० च्या दशकापासून कोरड्या वाइनकडे मोर्चा वळवला. आज दर्जेदार म्हणून तपासल्या जाणाऱ्या वाइनपैकी जवळपास निम्मी ट्रोकन असते.

सहावी बाटली लाल, आणि तिच्याबरोबर हरणाच्या मांसाचा दाट रस्सा. श्पेटबुर्गुंडर म्हणजे फ्रेंचांची पिनो न्वार. या द्राक्षाच्या लागवडीत फ्रान्स आणि अमेरिकेनंतर जर्मनीचा नंबर लागतो, हे ऐकून पाहुणे चमकतात. उन्हाळे तापत चाललेत, त्याचा या द्राक्षाला फायदा झाला. चाळीस वर्षांपूर्वीची फिकट, पाणचट लाल वाइन जाऊन तिच्या जागी चेरीच्या वासाची, अंगाने भरलेली वाइन आली.

आर नदीचं अरुंद खोरं हे तिचं एक घर. तिथल्या मायशोस गावातली द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था १८६८ सालची, जर्मनीतल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १४ जुलै २०२१ च्या रात्री या खोऱ्यात महापूर आला. शंभराहून अधिक माणसं गेली, तळघरं चिखलाने भरली. चिखलातून ज्या बाटल्या शाबूत निघाल्या, त्या उत्पादकांनी धुतल्याच नाहीत. ‘फ्लुटवाइन’, पुराची वाइन, म्हणून त्या चिखलासकट देणगीदारांना पाठवल्या आणि चाळीस लाखांहून अधिक युरो मदत उभी राहिली. अशी बाटली ज्याच्या घरी असते, तो ती सहसा उघडत नाही. जेवणाच्या वेळी ती कपाटावर असते आणि तिच्याखाली टेबलावर त्याच खोऱ्यातली नंतरच्या सालाची, स्वच्छ काचेची बाटली.

शेवटची बाटली सहांच्या पलीकडली, यजमानिणीकडची: अर्धी, ३७५ मिलिलिटरची. आइसवाइन. द्राक्षं वेलीवरच गोठायला हवीत, उणे सात अंश किंवा त्याहून खाली. तोडणी बहुधा पहाटेच्या अंधारात होते आणि मणी गोठलेले असतानाच पिळतात. पाण्याचा बर्फ चोथ्याबरोबर मागे राहतो, बाहेर येतो तो फक्त घट्ट गोड रस. सुरुवात याचीही अपघातानेच झाली. ११ फेब्रुवारी १८३० रोजी बिंगनजवळच्या ड्रोमर्सहाइममध्ये शेतकऱ्यांनी आदल्या हंगामातली गोठलेली द्राक्षं उतरवली. ती गुरांना घालायची होती. पिळून बघितली आणि बेत बदलला. २०१९ च्या हंगामात मात्र हिवाळा इतका सौम्य गेला, की जर्मनीत कुठेही आइसवाइनची तोडणी होऊ शकली नाही. तसं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

आइसवाइनच्या शेजारची वरची पायरी, बुरशीने मनुका केलेल्या मण्यांची ट्रोकनबेरेनआउसलेझ, जेवणाच्या टेबलावर क्वचितच दिसते. एगोन म्युलर या उत्पादकाच्या शार्त्सहोफबेर्ग मळ्यातल्या २००३ सालच्या अशा वाइनला २०१५ मध्ये ट्रीअरच्या लिलावात बाटलीमागे बारा हजार युरो आले. त्या नावातलं ‘ट्रोकन’ वाइनबद्दल नाही, सुकलेल्या मण्यांबद्दल आहे. सर्वांत गोड वाइनच्या नावातच कोरडेपणा!

आइसवाइनबरोबर केक ठेवत नाहीत. ताटातलं गोड वाइनपेक्षा जास्त झालं, तर वाइन आंबट लागते. निळ्या बुरशीचं खारट चीज आणि नासपतीच्या फोडी पुरतात. ग्लास लहान, रंग मधाचा. पहिल्यांदा चाखणारा पाहुणा संध्याकाळचा आपला प्रश्न पुन्हा विचारत नाही. ही गोड आहेच. तरी घोट गिळल्यावर जीभ स्वच्छ होते, कारण गोठण्यात साखरेबरोबर आंबटाईही तितकीच आटून घट्ट झालेली असते.

सहा जणांना साठ-साठ मिलिलिटर वाटले, की ३७५ मधून पंधरा उरतात. तीन चमचे. यजमानीण बाटली उजेडाला धरून बघते, टेबलावरचे बाकीचे सगळे आपण बघितलंच नाही असं दाखवतात. मग स्वयंपाकघरात नळ सुटल्याचा आवाज येतो. जो कुणी बाह्या सरसावून तिथे भांडी घासायला उभा राहिलेला असतो, त्याच्या ग्लासात ते तीन चमचे जातात.